पायातले कडे

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की वर्धा जिल्ह्यात पाहुणे येऊ लागतात. पवनारजवळ धाम नदीच्या पात्रातील खडकांवर एक सडपातळ पक्षी तुरुतुरु धावताना दिसतो. त्याची लांब शेपटी सारखी खालीवर हालत असते. त्याला धोबी म्हणतात. कोणी परीटही म्हणतात. धोब्यांची एक जात बारमाही येथेच राहते. परंतु करडा धोबी मात्र केवळ हिवाळ्यापुरता येतो आणि उन्हे तापू लागली की हिमालयाकडे व त्याही पलीकडच्या प्रदेशांत निघून जातो. त्याचे वजन सुमारे 18 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम दीड तोळा!

गेल्या वर्षी आलेला धोबी आणि यंदाचा धोबी एकच कशावरून? सगळे धोबी दिसतात सारखेच. पक्षी हिवाळ्यात कोठे जातात हे युरोपातील विद्वानांनाही पूर्वी ठाऊक नव्हते. पाकोळ्या हिवाळाभर तळ्याच्या चिखलात दडून बसतात, असे तेथील पुष्कळ लोक शतकानुशतके खरे मानीत आले.

हे कोडे सोडविण्याची युक्ती डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तराने काढली. आपल्या मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत त्याने 1890 साली जस्ताची कडी घालून पाहिली. पण ती जड झाली. मग 1899 साली त्याने ॲल्युमिनियमची हलकी कडी केली, प्रत्येकावर आपल्या गावाचे नाव व निराळा आकडा कोरला आणि अशा 165 पक्ष्यांना कडी घालून सोडून दिले. जगातील पक्षिशास्त्रज्ञांनी उचललेली ही रीत एका मास्तराच्या चिकाटीतून निघाली आहे.

आपल्या देशात 1927 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही मुंबईची संस्था हे काम करू लागली. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी कडे घातलेल्या एका करड्या धोब्याची हकीकत नमूद करून ठेवली आहे. मुंबईच्या उपनगरातील एका घरापुढच्या लहानशा हिरवळीवर तो पक्षी हिवाळ्यामागून हिवाळा परत येत असे. डोंगर, नद्या, मैदाने ओलांडून यावयाचे आणि एवढ्या मोठ्या शहरात तेच एक अंगण नेमके शोधून काढावयाचे! पायात कडे नसते, तर हे कोणी खरे मानले असते काय?

कडे घालण्याचे काम नाजूक आहे. बारीक धाग्यांचे जाळे उभारून पक्षी धरतात. या कामी बिहारमधील मीरशिकार लोकांचे कसब फार उपयोगी पडले. पिढ्यानुपिढ्या पक्षी पकडणारे हे हात शास्त्राच्या कामी आले. धरलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवतात, त्याचे वजन करतात, पंख मोजतात, पायात सैलसर बसेल असे कडे घालतात आणि जात, स्थळ व तारीख लिहून त्याला लगेच सोडून देतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्यावाचून हे कोणालाही करता येत नाही.

1959 साली सालिम अलींच्या देखरेखीखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. स्थलांतर करणारे पक्षी दूरदेशीचे रोग आणतात की काय, हे तपासावयाचे होते. राजस्थानातील भरतपूर येथे कडी घातलेली बदके पुढे थेट सैबेरियात सापडली. उलट दिशेनेही निरोप येतात: मंगोलियात गळ्यात आकड्याचा पट्टा घातलेले पट्टकादंब हंस भारतातील जलाशयांवर दिसले आहेत.

आता उपग्रहाला संदेश पाठविणारी यंत्रेही निघाली आहेत. 2013 साली नागालँडमध्ये अमूर ससाण्यांच्या पाठीवर ती बसविली, तेव्हा हे पक्षी भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेस जातात, हे त्यांच्या मार्गावरूनच दिसून आले. परंतु दीड तोळ्याच्या धोब्याला असे यंत्र कसे पेलावे? लहान पक्ष्यांसाठी कड्याचे महत्त्व अजून कमी झालेले नाही.

मात्र या रीतीत एक मोठी उणीव आहे. कडे घालणाऱ्याला केवळ आरंभ ठाऊक असतो. पक्षी पुढे कोठे गेला, हे सांगणारा मनुष्य दूरच्या कोणत्या तरी गावचा शेतकरी, कोळी किंवा शाळकरी मुलगा असतो. हजारो कड्यांपैकी फारच थोड्यांचा पत्ता पुन्हा लागतो. शेताच्या बांधावर मेलेल्या पक्ष्याचे कडे कोणी खेळणे म्हणून खिशात टाकले, तर त्या पक्ष्याचा सारा प्रवास तेथेच बुडाला.

म्हणून असे कडे दिसल्यास त्यावरील अक्षरे व आकडा चुकू न देता उतरून घ्यावा. गावाचे नाव, तारीख आणि पक्षी कोणत्या स्थितीत आढळला हे लिहावे. जमल्यास छायाचित्र काढावे. जिवंत पक्ष्याच्या पायातील कडे मुळीच काढू नये. ही माहिती मुंबईच्या सोसायटीकडे पोहोचली, की नोंदवहीत तो आकडा शोधला जातो आणि त्या पक्ष्याला कोठे व केव्हा कडे घातले होते, हे कळविणाऱ्यालाही कळविण्याचा प्रघात आहे.