राहुलाचा आरसा आणि आपली मुले

मूल खोटे बोलले की पुष्कळ घरांत प्रथम हात उगारला जातो. मार बसला, मुलाने चूक कबूल केली, म्हणजे संस्कार झाला असे आपण समजतो. ही समजूत तपासून पाहताना आम्हांस मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त फार मोलाचे वाटते.

राहुल तेव्हा सात वर्षांचा श्रामणेर होता, असे अट्ठकथा सांगते. तथागत त्याच्याकडे गेले. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून तथागत म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेच थोडे. मग त्यांनी पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले, त्याचे रितेपण दाखविले. पुढे त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुलाने सांगितले. त्याचप्रमाणे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, ते स्वतःला वा दुसऱ्याला दुःख देणारे आहे काय, हे पाहावे, अशी शिकवण तथागतांनी दिली. काया-वाचेने चूक घडलीच, तर ती शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सहकाऱ्यापुढे उघड करावी.

येथे शिस्त कडक आहे. परंतु तिचे साधन भय नव्हे, विचार आहे. ज्याला मार बसेल असे वाटते, ते मूल चूक उघड करीत नाही, ती लपविण्यास शिकते. सम्राट अशोकांनी भाब्रू येथील शिलालेखात हाच उपदेश भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ऐकावा व मनन करावा असे सांगितले, हे आपण गृहस्थांनी विसरू नये.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागणुकीचा अभ्यास केला. केवळ हुकूम सोडणारे किंवा सर्वच मोकळे सोडणारे यांच्यापेक्षा, नियम ठामपणे पाळणाऱ्या पण प्रेमाने कारण समजावून देणाऱ्या पालकांची मुले अधिक स्वावलंबी व संयमी आढळली.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही कडक शिस्तीचे होते. रामायण-महाभारत आम्हांला का वाचावयास लावता, असा प्रश्न मुलाने त्यांना केला. प्रारंभी त्यांना तो प्रश्न आवडला नाही, असले प्रश्न विचारू नका असे ते म्हणाले, पण काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले. त्या उत्तराने आपले समाधान झाले नाही, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे. उत्तर अपुरे ठरले, तरी मुलाची प्रश्न विचारण्याची वृत्ती मारली गेली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

आपल्यातील अनेक पालक घराण्यातून प्रथमच शाळेत गेलेले. मूल मागे पडेल ही त्यांची धास्ती खोटी नाही. परंतु धास्तीतून आज्ञाधारक मूल घडेल. अन्यायाला प्रश्न विचारणारा माणूस घडणार नाही. म्हणून मूल चुकले तर त्याला जवळ बसवावे आणि विचारावे : याने कोणाला दुःख झाले? मात्र दारी आलेल्या माणसाला "बाबा घरी नाहीत" असे सांगावयास आपणच मुलाला लावत असू, तर तो आरसा प्रथम आपण हाती घेतला पाहिजे.