अपडेट झाले, पण जुनी फाइल गेली का?

संगणकावर ‘अपडेट पूर्ण’ असा संदेश आला की सदोष प्रोग्रॅम गेला आणि नवा आला, असे आपण धरून चालतो. लिनक्स संगणकावर मात्र ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही.

लिनक्समध्ये फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचा मालक, परवानग्या आणि मजकुराचा डिस्कवरील ठावठिकाणा यांची नोंद ‘आयनोड’मध्ये असते, नाव त्या नोंदीकडे फक्त बोट दाखवते. एकाच आयनोडला अनेक नावे देता येतात. त्यांना हार्ड लिंक म्हणतात. घरचा बाळू शाळेच्या पटावर बाळकृष्ण असतो, तसेच हे. एक नाव खोडले म्हणून फाइल नाहीशी होत नाही.

डेबियनचा ‘डीपीकेजी’ किंवा रेड हॅटचा ‘आरपीएम’ हे पॅकेज मॅनेजर नवी आवृत्ती आधी तात्पुरत्या नावाने लिहितात आणि मग एका झटक्यात तिला मूळ नाव देतात. चालू असलेला प्रोग्रॅम तोवर जुन्या प्रतीवर सुरळीत चालत राहतो.

धोका इथेच आहे. काही प्रोग्रॅमना ‘सेटयूआयडी’ हा विशेष अधिकार असतो. ते कोणीही चालवले तरी मालकाच्या, बहुधा सर्वाधिकारी ‘रूट’च्या, अधिकाराने चालतात. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम असाच असतो. अनेकांच्या वापरातील संगणकावर एखाद्याने अशा सदोष प्रोग्रॅमची हार्ड लिंक आधीच करून ठेवली, तर दुरुस्तीनंतरही जुनी प्रत अधिकारासकट त्याच्या हाती उरते.

यावरचा उपाय म्हणजे जुने नाव काढण्यापूर्वी त्या फाइलचा विशेष अधिकारच काढून घेणे. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून कार्यालयाचा शिक्का घ्यावा तसा. परवानग्या आयनोडमध्ये असल्याने हा बदल सर्व नावांना एकदम लागू होतो. डीपीकेजीच्या १.९.२१ आवृत्तीत ही खबरदारी अपुरी होती. आरपीएममधील तशीच त्रुटी २०१० मध्ये नोंदली गेली. पुढे दोन्ही दुरुस्त झाल्या. २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये दुसऱ्याच्या अशा फाइलींना हार्ड लिंक करण्यास मनाई करणारी सोयही आली.

चालू प्रोग्रॅम मात्र बंद होईपर्यंत जुनीच प्रत वापरतो. म्हणून अपडेटनंतर ‘संगणक पुन्हा सुरू करा’ ही सूचना आली, तर ती पुढे ढकलू नये.