परसबागेचे पाणी कोठे मुरते?

संक्रांत सरली, रथसप्तमीनंतर थंडी ओसरू लागली, की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील घरांच्या मागील दारी एक दृश्य हमखास दिसते. श्रावणात ज्या मांडवावर दोडकी आणि काकड्या लोंबत होत्या, त्याच्या आता नुसत्या काटक्या उरलेल्या असतात. वालाच्या वेलावर शेवटच्या शेंगा वाळून खुळखुळत असतात आणि अंगणातला पालापाचोळा कोपऱ्यात लोटून कोणीतरी त्याला काडी लावलेली असते. परसबाग संपली, आता पाऊस पडल्यावर पाहू, असा याचा सरळ अर्थ.

वास्तविक हे परसबाग संपण्याचे दिवस नव्हेत. उन्हाळी भेंडी, गवार, कारली, दुधी भोपळा यांचे बी मातीत पडायचे ते माघातच. विलायतेत नगरपालिका नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देतात. तेथील हौशी माळी फेब्रुवारीत दंव हटण्याची वाट पाहत बियाण्यांच्या याद्या करीत बसतो. आपल्याला उन्हाची घाई असते. येथे महिनाभर उशिरा टाकलेले बी उगवते खरे, परंतु वेल जीव धरण्याआधीच उन्हाच्या तडाख्यात सापडतो. बाजारातली भाजी महाग होते ती त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरचा वाफा मोकळा पडलेला असतो.

कोणाही गृहिणीला कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले: पाणी कुठे आहे? या दोन तालुक्यांत हे उत्तर ऐकताना मन अस्वस्थ होते. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, तथापि बोलण्यात अजून वेल्हेच आहे, म्हणून येथेही तेच ठेवले आहे.) वेळवंडीवरचे भाटघर, नीरेवरचे नीरा देवघर, आंबीवरचे पानशेत, मोसेवरचे वरसगाव आणि कानंदीवरचे गुंजवणी या पाच धरणांत मिळून सुमारे ६० टीएमसी पाणी मावते. त्यावर पुणे शहर तहान भागविते. बारामती, इंदापूर, फलटणकडची शेते भिजतात. त्यांच्या गरजेविषयी वाद नाही. परंतु जलाशयाच्या काठावरच्या वाडीत माघ संपता संपता विहीर तळ दाखवू लागते आणि डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी बाई वेलाला तांब्याभर पाणी घालण्यापूर्वी दहादा विचार करते. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे येथे नुसते म्हणण्यापुरते नाही.

धरणांच्या पाण्याचा हा मोठा प्रश्न सोडविणे प्रस्तुत लेखकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. परसबागेचा प्रश्न मात्र त्याहून लहान आहे आणि तो मोठ्याच्या आड दडविला जातो. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोजचे ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराचे २७५ लिटर झाले. प्रत्यक्षात एवढे मिळत नसेल तर निम्मे धरू, आणि त्यातलेही निम्मेच मोरीवाटे बाहेर पडते असे मानू. तरी रोज ६५ ते ७० लिटर पाणी घरामागच्या गटारात किंवा वाटेवरच्या चिखलात मुरते. वेलाला दिवसाआड पाच लिटर द्यायचे ठरविले, तर एवढ्यावर पंचवीस वेल जगतात. पंचवीस वेलांची भाजी पाच माणसांच्या घराला खाऊन उरते. शेजारी वाटावी लागते.

मात्र मोरीचे सगळे पाणी सारखे नसते. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी कोणत्याही वाफ्याला चालते. भांडी पूर्वी राखेने घासली जात, तेव्हा त्या पाण्याचीही चिंता नव्हती. आता साबण-सोड्याचे पाणी केळीच्या आणि पपईच्या बुडाशी सोडावे. कोथिंबीर, मेथी, मुळा यांच्या वाफ्यात ते जाऊ देऊ नये. वेलाशेजारी बुडाला बारीक छिद्र पाडलेले जुने मडके पुरून त्यात कापडाची वात ओवली, की ओतलेले पाणी उन्हाने न उडता मुळाशी झिरपते. यात नवे काहीच नाही. आमच्या आजीच्या दोडक्यापाशी असेच एक फुटके मडके असे आणि त्याला ठिबक सिंचन म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते.

दुसरी गोष्ट त्या काडी लावलेल्या पाचोळ्याची. या मुलखातली भातशेती राबावर वाढलेली आहे. शेण, टहाळ, पाला आणि गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते आणि माती मोकळी होते. त्यामागे शहाणपण होते, हे नाकारता येत नाही. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातलागवडीने तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरण्याची निराळी वाट दाखविली. ती कोणी किती स्वीकारावी हा शेतकऱ्याचा प्रश्न. परंतु अंगणातला आंब्या-फणसाचा पाचोळा राबालाही जात नाही. तो केवळ स्वच्छतेच्या कल्पनेपायी जळतो. तोच चार बोटे जाडीने आळ्यात पसरला, तर माती थंड राहते, पाण्याची पाळी लांबते आणि पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होऊ लागते. स्वच्छ झाडलेले, सारवल्यासारखे दिसणारे परसू डोळ्यांना बरे वाटते. वेलाला ते मानवत नाही.

वानरांचा आणि शेजारच्या कोंबड्यांचा उपद्रव आहेच. त्यावर काट्यांचे कुंपण आणि घरात जागे माणूस याखेरीज खात्रीचा उपाय अद्याप ऐकिवात नाही.

आता शाळांविषयी. मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १९९५ साली सुरू झाली. २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. शाळांतील परसबागांविषयी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली निघाल्या. हेतू उत्तम, आणि जुलै-ऑगस्टात या बागा खरोखरच डोळे निववितात. वेल्हे खोऱ्यातील एका लहान शाळेत फेब्रुवारीअखेर जाण्याचा योग आला. वाफ्यांची आखणी होती, नावांच्या पाट्या होत्या, पाट्यांखाली भेगाळलेली माती होती. बाजूच्या नळापाशी मुले जेवणानंतर ताटे धूत होती आणि ते पाणी पटांगण ओलांडून रस्त्याकडे चालले होते. चाळीस मुलांची ताटे आणि हात धुण्याचे माणशी दोन लिटर धरले, तरी ८० लिटर झाले. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा आणि माहितीचे तक्ते त्यांच्या मानेवर होते.

अशा शाळेने पालेभाजीचा हट्ट धरू नये. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू अशी आठ-दहा झाडे ताटे धुतलेल्या पाण्याच्या वाटेवर लावावीत. एप्रिलअखेरपर्यंत ती मुलांच्या हातून जगतील. मे ते जूनच्या मध्यापर्यंतच्या सुट्टीसाठी शाळेशेजारच्या एका कुटुंबाशी सरळ करार करावा: पाणी त्यांनी घालावे, त्या दिवसांतले उत्पन्न त्यांचे, झाडे शाळेची. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाने हे होण्यासारखे आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. लागतो तो मोबदला न देता कोणीतरी पाणी घालील ही आशा सोडण्याचा शहाणपणा.

याच महिन्यात शाळांना आणखी एक काम करता येईल, आणि त्यात पाणीही लागत नाही. वाल, पावटा, घेवडा यांचे परागण बहुतांशी आपल्या आपणच होते. त्यामुळे घरी धरलेले बी मूळ वाणासारखेच उतरते. पाकिटातल्या संकरित बियांचे तसे नसते. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी असे गावरान वाण जमवून बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईंनी जे केले, ते सातवीच्या वर्गाला अवघड जाऊ नये. प्रत्येक मुलाने घरच्या वालाचे मूठभर बी आणावे, आईला किंवा आजीला विचारून त्याचे नाव, रंग आणि चव वहीत लिहावी आणि बी राखेत मिसळून झाकणाच्या मडक्यात ठेवावे.

शेंगा मात्र या पंधरवड्यातच काढाव्या लागतील. ऊन वाढले की त्या वेलावरच तडकतात आणि बी पाचोळ्यात सांडते.