टोचलं की सुटलं?

धानाची रोवणी आटोपत आली की तिरोडा तालुक्यात कंबरदुखीचा हंगाम सुरू होतो. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांची कंबर धरते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्यांची मान आणि खांदे तर बारा महिने आखडलेले. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेत. आता कुणी तरी सांगतं, ‘सुया टोचून घ्या, नस मोकळी होते.’ या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात. त्याच्याविषयी लोकांच्या मनात भीती आहे आणि भाबडेपणाही. मला भाबडेपणाची काळजी जास्त वाटते.

आधी भीतीचं पाहू. सुईतून काही तरी औषध सोडतात, असं अनेकांना वाटतं. ही सुई भरीव असते आणि जेमतेम पाव ते तीन दशांश मिलिमीटर जाडीची, त्यामुळे तिच्यातून काही सोडताच येत नाही. दंडात घेतो त्या इंजेक्शनची सुई पोकळ आणि हिच्या साधारण दुप्पट जाड. गंमत अशी की या उपचाराचं मूळ इंजेक्शनातच आहे. अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या, स्नायूतल्या दुखऱ्या जागी बधिर करणारं औषध टोचत. १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातले डॉ. कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि म्हटलं, आराम पडतो तो औषधापेक्षा सुईच्या टोचण्यानेच. त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं.

‘म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच ना?’ सुई तीच, विचार वेगळा. अ‍ॅक्युपंक्चर चिनी परंपरेतल्या ऊर्जावाहिन्यांवरचे बिंदू धरतं. ड्राय नीडलिंग करणारा बोटांनी स्नायू चाचपतो, त्यातला ताठरलेला पट्टा शोधतो आणि दाबल्यावर कळ येते तो बिंदू, म्हणजे ट्रिगर पॉइंट, नेमका हेरतो. तरी दोन्हींमधली भिंत त्यांचे पुरस्कर्ते सांगतात तितकी जाड नाही. अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरवाले आणि ड्राय नीडलिंग करणारे फिजिओथेरपिस्ट यांच्यातला झगडा कोर्टापर्यंत गेला आहे. आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरसाठी राज्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि फिजिओथेरपीची परिषद वेगळी. तेव्हा समोरच्याची नोंदणी कशाची आणि सुयांचं प्रशिक्षण कुठे झालं, हे विचारण्यात संकोच नको.

‘नस दबली होती, सुईने सुटली’ हे तर सर्रास ऐकू येतं. खरं म्हणजे नसेला सुई लागू नये म्हणूनच शरीररचना नीट शिकावी लागते. सुई जाते स्नायूत. जागा बरोबर लागली तर स्नायू क्षणभर आपोआप फडफडतो आणि खोल, ओळखीची कळ उठते. पुढचे एक-दोन दिवस तिथे ठणकाही राहतो. पण जितकं दुखलं तितका गुण आला, असा हिशेब मांडू नका. फडफड झालीच पाहिजे असंही नाही. आराम नेमका कशाने पडतो, यावर अजून एकमत नाही. २०१५ मध्ये क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह या संशोधकांनी तर ट्रिगर पॉइंटच्या सिद्धान्तालाच आव्हान दिलं. उपचाराने बरं वाटणं आणि त्यामागचं स्पष्टीकरण खरं असणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे एकदा टोचलं की दुखणं कायमचं गेलं. २०१७ मध्ये तेरा चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. काहीच न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा खऱ्या सुईने दुखणं कमी झालं, पण हा फरक स्पष्ट दिसला तो बारा आठवड्यांपर्यंतच. हालचाल आणि कामाची क्षमता पाहिली तर फिजिओथेरपीच्या इतर उपचारांपेक्षा सुई सरस ठरली नाही, आणि पुराव्याचा दर्जाही अतिशय कमी ते मध्यम एवढाच. थोडक्यात, सुई थोडे दिवस सवड मिळवून देते. त्या दिवसांत ताण देण्याचे आणि बळकटीचे व्यायाम केले, बसण्याची पद्धत बदलली, तर पैसे वसूल. हे लिहिणं सोपं आहे, हे मला कळतं. विड्यांची मजुरी हजारावर मिळते; अर्ध्या तासाने उठा म्हटलं की त्या बाईचा हिशेब चुकतो. पण निदान सूप उंचावर ठेवणं, पाठीला भिंत घेणं आणि मान न झुकवता वळणं एवढं तरी घरात जमण्यासारखं आहे.

‘एवढीशी सुई, तिचा काय अपाय?’ आयर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१४ मध्ये ७,६२९ उपचारांची नोंद मांडली. सुमारे १९ टक्के वेळा किरकोळ त्रास झाला: काळंनिळं पडणं, थेंबभर रक्त, दुखणं. गंभीर असं काही घडलं नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या पाहणीत २०,४६४ उपचारांमागे २० गंभीर प्रकार आढळले. प्रमाण हजारी एकाच्या आसपास. पण त्यातला खांदे, मान आणि छातीजवळचा धोका माहीत हवा. तिथे सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. त्रास काही तासांनीही सुरू होतो. टोचून आल्यावर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, तर मलम चोळत घरी बसू नका. तडक रुग्णालयात जा आणि सुया घेतल्याचं सांगा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, त्या जागी जखम किंवा संसर्ग असेल, तर ते आधीच सांगायचं. सुई तुमच्यादेखत नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, आणि वापरल्यावर सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात पडली पाहिजे.

आणि एक समजूत खास आपल्या भागात घातक आहे: अंग दुखतं म्हणजे स्नायूच आखडला. गोंदिया, भंडारा, गडचिरोली हा सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या रुग्णाला कळा येतात त्या हातापायांत, पाठीत, छातीत, आणि त्यांचं कारण असतं बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशी. तिथे सुईचं काम नाही. पाणी, वेदनाशामक आणि डॉक्टर हवेत. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला, वजन उतरू लागलं, तरीही आधी डॉक्टरच. मुलाच्या किंवा तरुणाच्या अंगात वरचेवर कळा येत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सुयांची वेळ घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी तपासणी करून घ्या. रक्ताचा एक थेंब पुरतो.