चर्चच्या सेवकांचा पगार कसा ठरवावा?

चर्चच्या पगाराची नियमावली म्हणजे पाळक, कारकून, ऑर्गन वाजवणारा, रखवालदार, झाडलोट करणारी बाई यांना कोणत्या आधारावर किती मोबदला द्यायचा, याचा मंडळीने आधीच ठरवून ठेवलेला लेखी हिशेब. तो नसेल, तर पगार समितीच्या मर्जीवर आणि दानपेटीच्या भरतीवर ठरतो.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. चर्च मिशनरी सोसायटीने इथे शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली त्या काळात सोसायटीचे सचिव असलेल्या हेन्री व्हेन यांचा आग्रह होता, की स्थानिक मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च आपणच उचलावा. तत्त्व रास्त होते, पण मंडळी गरीब तर पाळकही गरीब, हा धोका त्यातच होता. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. तो त्याग त्यांनी स्वतःहून केला होता. झाडू मारणाऱ्या माणसाकडून तोच त्याग गृहीत धरणे हा अन्याय आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेतील १२८६वे कलमही सांगते, की नोकरांबाबत देशाचे कामगार कायदे पाळावेत आणि त्यांचे व कुटुंबाचे भागेल असे वेतन द्यावे.

नियमावलीची सुरुवात कामाच्या नोंदीपासून होते. रखवालदार रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन दारे उघडतो, बाके पुसतो, घंटा वाजवतो. लग्न, अंत्यविधी, नाताळची तयारी, सगळीकडे तोच असतो. हे तास कागदावर आले की ‘थोडेसे काम’ किती मोठे आहे ते समितीला दिसते. मग शासनाचे किमान वेतन हा तळ धरावा. कायदा चर्चला लागू होतो की नाही, हा वाद घालत बसण्यापेक्षा त्याहून कमी द्यायचे नाही असे ठरवणेच शोभते. आवारातली खोली दिली असेल, तर तिचे मोल लिहावे. मात्र खोलीच्या नावाखाली रोख पगार तळाखाली नेऊ नये.

म्हातारपणाची सोय सर्वांत जास्त विसरली जाते. नोकरी संपताना द्यायच्या ग्रॅच्युइटीच्या सूत्राने दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार मिळतो, आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचा पगार १३,००० रुपये असेल, तर वर्षाला ७,५०० आणि वीस वर्षांचे दीड लाख होतात. कायद्याने हे बंधन दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना आहे. लहान मंडळीने दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवली, तरी हे जमते.

पाळकाच्या पगाराची चर्चा चालू असताना पाळकाने बैठकीत बसू नये, आणि महागाई पाहून दर वर्षी आकडे तपासावेत. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांना वेतनचिठ्ठी, पीएफ, महागाई भत्ता हे शब्द पाठ असतात. अशा सभासदांनी पुढे होऊन आपल्या मंडळीची नियमावली येत्या वार्षिक सभेपूर्वी लिहून काढावी.