कुलूपबंद संदेश आणि बोलका टॉवर

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर टिप्पणी करणारी तरुणी आणि तिला 'लाइक' देणारी तिची मैत्रीण यांना नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर पोलिसांनी अटक केली, आणि त्यातून पेटलेल्या वादाची परिणती माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द करण्यात झाली. ती टिप्पणी उघड होती. खासगी संवादावरील पाळत ही याहून निराळी बाब आहे.

साधा एसएमएस मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल 2016 मध्ये सर्वांना लागू केलेल्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मात्र मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवरच सांकेतिक रूप घेतो आणि तो उलगडणारी किल्ली केवळ घेणाऱ्याच्या फोनमध्ये असल्याने वाटेत अडवणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. तरीही तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला निघालेल्या कामगाराचा फोन बोईसरच्या कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता आणि त्यावरून कोणाला किती वेळ कॉल झाला, याची नोंद, म्हणजे पोलिसी भाषेतला 'सीडीआर', कंपनीकडे राहतेच. असे सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, त्यामुळे पाळत फक्त सरकारच ठेवते, हा समज भाबडाच म्हणावा लागेल.

याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे 16 एप्रिल 2020 रोजी मुले पळवणाऱ्यांच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू व त्यांच्या चालकाची हत्या केली, आणि बंदिस्त संदेशांतून पसरणाऱ्या अशा अफवांमुळेच संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची मागणी बळावली. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर तसे बंधन घातले, त्याला व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कंपनीचा आक्षेप रास्त वाटतो, कारण कोणता संदेश पुढे गुन्ह्याशी जोडला जाईल हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येकाच्याच संदेशावर खूण ठेवावी लागते. शिवाय मूळ प्रेषक नंतर सापडल्याने जमलेला जमाव थांबत नाही.

फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंधने घातली खरी, परंतु आदेश गृहसचिवांचा आणि त्याचा फेरविचार करणारी समितीही सचिवांचीच, अशी ही रचना असून तीत न्यायाधीशाला स्थान नाही. म्हणूनच एन्क्रिप्शनचे मोल मोठे आहे. मात्र क्लाउडवरील बॅकअपला ते आपोआप लागू होत नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागते.