शेतीसाठी स्वस्त वेल्डिंग मशीन घेताय? ‘२०० अँपिअर’च्या आकड्याआधी हे तपासा

वाफसा आलाय, ट्रॅक्टर शेतात उभा आहे आणि नेमका पेरणी यंत्राचा फण तुटला. वेल्डिंगचं दुकान तालुक्याच्या गावी, आणि तिथे आधीच नांगर-ट्रॉल्यांची रांग. दोन इंचांच्या टाक्यासाठी अख्खा दिवस मोडतो. वाफसा मात्र थांबत नाही.

म्हणूनच अनेक शेतकरी स्वतःचं छोटं वेल्डिंग मशीन घेण्याचा विचार करतात. ‘२००’, ‘२५०’ असे आकडे छापलेली मशीन आता काही हजार रुपयांत मिळतात. पण घरी आणल्यावर रॉड चिकटतो, मशीनवरचा लाल दिवा लागतो किंवा एमसीबी पडतो. अनेकदा यामागचं कारण एकच असतं : मशीन निवडताना आपल्याकडची वीज पाहिलेलीच नसते.

मग नेमकं काय बघायचं?

शेतीच्या कामाला किती अँपिअर लागतात?

आधी कोणता रॉड जाळायचा ते ठरवा, मग मशीन. साधारण हिशेब असा : २.५ मिमी रॉडला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ मिमीला ९० ते १३० आणि ४ मिमीला १४० ते १८० अँपिअर.

गेट, शेडचा अँगल, पाण्याच्या टाकीचा स्टँड, औजाराची फ्रेम ही कामं पहिल्या दोन रॉडमध्ये होतात. म्हणजे खरोखर १४०-१५० अँपिअर देणारं मशीन शेतकऱ्याच्या बहुतेक दुरुस्त्यांना पुरतं. इथे ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

छापलेला आकडा खरा आहे का?

मशीनच्या मागे किंवा बाजूला माहितीची पट्टी असते. तिच्यावर ‘ड्यूटी सायकल’ टक्क्यांत दिलेली असते. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांपैकी ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं विश्रांती. पण हे टक्के किती अँपिअरला दिलेत, ते पाहा. २०० अँपिअरला ३० टक्के सांगणारं चांगलं मशीन ११० अँपिअरवर जवळपास न थांबता चालू शकतं. तेच ३० टक्के १२० अँपिअरला दिले असतील, तर ते बरंच लहान मशीन आहे, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

दुसरी तपासणी साध्या गुणाकाराची. २०० अँपिअरवर वेल्डिंग करताना रॉडपाशी साधारण २८ व्होल्ट धरले जातात. दोन्हींचा गुणाकार ५,६०० वॅट. आता पट्टीवर ‘२३० व्होल्ट, कमाल २० अँपिअर’ इतकीच वीज आत घेतो असं लिहिलं असेल, तर तो गुणाकार ४,६०० होतो. जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे २०० चा दावा तिथेच खोटा पडतो.

पट्टीच नसेल, तर ते मशीन दुकानातच राहू द्या.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन की इन्व्हर्टर?

ट्रान्सफॉर्मरचं मशीन जड असतं आणि वीज जास्त खातं, पण त्याची रचना साधी असते. वाइंडिंग जळलं तर ते पुन्हा भरून मिळतं. घेताना वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे विचारा.

इन्व्हर्टर मशीन हलकं असतं, एका हातात उचलून बांधावर नेता येतं. त्यातून डीसी करंट मिळतो, त्यामुळे नवशिक्यालाही रॉड पेटवणं आणि आर्क टिकवणं सोपं जातं. ‘हॉट स्टार्ट’ (पेटवताना क्षणभर जास्त करंट) आणि ‘अँटी स्टिक’ (रॉड चिकटला की करंट कमी) या सोयी असल्या तर उत्तम.

याची कमजोरी म्हणजे धूळ. आतला पंखा माती आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस ओढून घेतो आणि सर्किट बिघडतं. ग्राइंडिंग मशीनपासून लांब करा आणि अधूनमधून, प्लग काढून, ब्लोअरने ते साफ करा. सर्किट बोर्ड जवळपास कोण दुरुस्त करतं, हे घेण्याआधी विचारा. पेरणीच्या दिवसांत वॉरंटीसाठी मशीन कुरिअरने पाठवावं लागलं, तर तालुक्याची फेरी वाचवण्याचा हेतूच संपतो.

तुमच्याकडची वीज काय म्हणते?

साधं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन ३.१५ मिमी रॉड ११० अँपिअरवर चालवताना लाइनमधून साधारण २० अँपिअर ओढतं. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. २.५ मिमी रॉडची कामं त्यावर होतात. त्यापुढे वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि औद्योगिक सॉकेट लागतो. वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून घ्या.

आता लांब एक्स्टेन्शनचं गणित. १.५ चौरस मिमी तांब्याची ५० मीटर वायर आणि २० अँपिअर भार, म्हणजे वायरमध्येच सुमारे २६ व्होल्ट जातात. डीपीपासून लांबच्या वस्तीवर संध्याकाळी २०० व्होल्ट मिळत असतील, तर मशीनला १७५ च्या आसपासच मिळतात. बरीच मशीन तिथे बंद पडतात. ४ चौरस मिमी वायर वापरली तर हीच घट सुमारे १० व्होल्टवर येते.

म्हणून काम करायच्या जागी, काम करायच्या वेळी, आधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. ते कमी असेल, तर १६०-१७० व्होल्टपासून चालणारं मशीन शोधा. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

एक धोका लक्षात ठेवा. २३० व्होल्टचं मशीन मोटारीच्या स्टार्टरवर दोन फेजमध्ये जोडलं, तर त्याला ४१५ व्होल्ट मिळतात आणि ते जळतं. शिवाय कृषिपंपाची जोडणी पंपासाठीच मंजूर असते. मंजूर कारणाशिवाय वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो.

बजेटमध्ये आणखी काय धरायचं?

मशीनसोबत येणारा होल्डर आणि केबल बऱ्याचदा हलकी असते. चांगला अर्थ क्लॅम्प, १० किंवा ११ नंबरची काच असलेला हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि ग्राइंडर यांचे पैसे बाजूला ठेवा. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला, तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं.

रॉडमध्ये रोजच्या कामाला ६०१३ पुरतो. ताण सहन करणाऱ्या जोडाला ७०१८ चांगला, पण तो कोरडा राहिला पाहिजे. ओल धरलेल्या रॉडच्या जोडाला तडा जाण्याचा धोका वाढतो.

काय स्वतः करू नये?

ट्रॉलीचा हुक, ड्रॉबार, एक्सल ही कामं अनुभवी वेल्डरकडेच द्या. भरलेली ट्रॉली रस्त्यात सुटली, तर तो फक्त आपल्या खर्चाचा प्रश्न राहत नाही. बिडाच्या भागांना निकेलचे रॉड आणि सवयीचा हात लागतो.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो. डिझेलच्या रिकाम्या टाकीला आर्क लावू नका, आत वाफ असते. जीआय पाइपचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि ओल्या जमिनीवर, पावसात वेल्डिंग नको.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. ड्यूटी सायकल किती, आणि ती किती अँपिअरला?
२. मशीन लाइनमधून कमाल किती अँपिअर घेतं?
३. किमान किती व्होल्टवर चालतं?
४. दुरुस्ती कुठे होते, आणि किती दिवसांत?
५. ३.१५ मिमीचे सलग चार रॉड इथे जाळून दाखवाल का?

पाचव्या प्रश्नाला दुकानदार तयार झाला आणि मशीन न थांबता चाललं, तर पुढची बोलणी किमतीची करायला हरकत नाही.